धनिष्ठेच्या पोटातलं नाव

(लढाईची वर्षं. किन्हवलीपासून आडवाटेला असलेलं गाव, कार्तिकातली दिवेलागण. कोंडू, एके काळचा खलाशी, खळ्यावर जहाजावरची पितळी दुर्बीण लावून बसला आहे. त्याच्या पडवीत आसऱ्याला असलेली गिरजा त्याच्याजवळ उभी आहे, आणि तिची सून देवकी, बाळंतीण, पडवीच्या दाराशी.)

गिरजा : नाय म्हंजे नाय. तू विहिरीत उडी मार म्हनालास तर एक डाव मारीन, कोंडूभाऊ, तुझे उपकारच तेवढे हायत. पन त्या नळीला मी डोळा नाय लावायची. जिनं माझं घर बंद केलं त्या अवदसेला आपनहून तोंड दाखवायचं, म्हंजे हात दाखवून अवलक्षन.

कोंडू : वैनी, ती तुमाला नाय बघत. तुमी तिला बघायचं. ह्या दुर्बिनीतून एकाच बाजूनं दिसतं.

गिरजा : तुला काय ठावं?

कोंडू : अर्धं आयुष्य जहाजावर गेलं माझं. वरून कुनी बघत असतं, तर एवढ्या खलाशांतल्या एकाला तरी डोळा मारला असता.

गिरजा : चावट तो चावटच ऱ्हायलास. बाईजा तिकडं उद्याच्या घुगऱ्यांना हरभरे भिजत घालतेय. बायकोला हातभार लावायचा सोडून तू बस आभाळ चाळत.

देवकी : आत्याबाय, काकांना बोलू नका. मीच सांगितलं त्यांना.

गिरजा : काय सांगितलंस?

देवकी : म्हटलं, आत्याबाईंना एकदा ती धनिष्ठा दाखवा. रोज दिवे लागले की तुमी मान खाली घालून अंगणातून जाता. चुकून वर बघायला नको म्हणून. परवा त्या नादात खुंट्याला ठेचकाळलात.

गिरजा : तू आधी आत हो. ओली बाळंतीन नि तिन्हीसांजेला उंबऱ्यात.

देवकी : उंबऱ्याच्या आतच आहे मी. बाळ झोपलाय.

गिरजा : त्याचं मी इचारलं नाय.

कोंडू : वैनी.

गिरजा : नाय इचारलं तर नाय इचारलं.

कोंडू : उद्या बारसं त्याचं. आजवर तुमी त्याला एकदा मांडीवर घेतलेलं मी बघितलं नाय. घर माझं म्हनून तोंड चालवतो असं समजू नका.

गिरजा : घर तुझं, म्हनून तर ऐकून घेते. दुसरा कोन असता तर त्याला खळ्यावरनं उठवला असता. आखाडात आमचं मानूस गेलं. भटजीनं बोटं मोजली नि म्हनाला, धनिष्ठा पंचकातला मृत्यू, सहा महिने घराला काटी लावा. दाराला बोरीच्या फांद्या घातल्या नि पोटुशी सून घेऊन भर पावसात मी वाटंवर उभी. सख्ख्या दिरानं कडी लावून घेतली, पंचकाची मानसं नकोत म्हनून. गावात दुसरं दार उघडलं नाय. तू पडवीतली गुरं वाड्यात नेऊन बांधलीस, बाईजानं वल्या अंगानं जमीन सारवली, नि आमाला आत घेतलंत. तुमाला नसंल भीती वाटली?

कोंडू : वाटली की. मी काय जोश्याला खोटा म्हनत नाय. रातभर डोळा नाय लागला माझा. पन भीती आपल्या जागी नि मानसं आपल्या जागी.

गिरजा : ह्या जन्मात नाय फिटायचं ते.

कोंडू : फेडायचं कुनी कुनाला? मी बोटीवर असताना माझी आई हितं एकटी. नवशा आधी माझं शेत लावायचा, मग आपलं. आई आजारली तर डोली बांधून शहापूरला नेली त्यानं, दोन टेकड्या चढून. शेवटचं पानी ती नवशाच्या हातचं प्यायली. मी तवा एडनला कोळसा भरत होतो, वैनी. मला कळलं, तवा तिचं वर्षसुद्धा घातलं होतं त्यानं. पडवीचं काय घेऊन बसलात? नवशाच्या बायकोला मी देवाची खोली दिली असती.

गिरजा : किती दिवसांनी कानावर आलं त्यांचं नाव. तू घेतोस, म्हनून ऐकायला तरी मिळतं. आमी कधी घेतलंच नाय.

कोंडू : कधीच नाय? एकटं असताना, चुलीपाशी?

गिरजा : इश्श. नाव सोड, नावाजवळनंसुद्धा कधी गेले नाय. अनंता व्हायच्या आधी म्हशाच्या जत्रंला गेले, देवापुढं उभी ऱ्हायले नि पुजाऱ्याला म्हनाले, मला देवाला बोलायचं हाय. तो म्हनतो, बोल की बाय, नवस करायचा का? मी आपली गप. परत तोच इचारतो, नवस का? मी नुसती मान हलवते. शेवटी मागची एक म्हातारी म्हनाली, अहो, तिच्या नवऱ्याच्या नावात बसतो तो शब्द, ती कशी बोलंल?

कोंडू : पोहोचलं तरी देवाला?

गिरजा : पोहोचलं नसतं तर अनंता कुठनं आला?

देवकी : आत्याबाय, मला उद्या तेच नाव ठेवायचंय. मामंजींचं.

गिरजा : नाय.

देवकी : ह्यांच्या पण मनात आहे. सकाळी कल्याणहून येतील, त्यांनाच विचारा.

गिरजा : अनंता काय म्हनंल ते म्हनो. ज्या पंचकात आजा गेला त्याच पंचकात नातू आला. वर त्याला आज्याचं नाव द्या, म्हंजे तिला घरचा पत्ता हातात दिल्यासारखं. पंचक पाच मागतं, देवके. एक नेलं त्यानं. चार ऱ्हायले.

कोंडू : पाच तर दिले ना? दर्भाच्या बाहुल्या नवशाशेजारी मी माझ्या हातानं ठेवल्या.

गिरजा : गवताच्या. ती काय खुळी हाय?

देवकी : म्हणून तुमी त्याला हात लावत नाय? मला वाटायचं, तुमाला तो नकोच आहे. मामंजी गेले नि हा आला, म्हणून तुमी त्याच्यावर राग धरला. मी रोज उशीत तोंड घालून रडत होते, आत्याबाय. त्या एवढ्याशा पोराची काय चूक?

गिरजा : नकोय? अगो खुळे. ऐक आता, परत नाय सांगायची मी. मी ज्याला जीव लावते ते तिच्या डोळ्यावर येतं. मालक जेवायला बसले की मी समोर बसून बघायचे, घास कसा घेतात, भाकरी कशी मोडतात. जन्मभर बघितलं. नेले ना तिनं? आता ह्याला मांडीवर घेतलं, त्याची पापी घेतली, की तिला कळंल, हे गिरजेचं. मी बघितलं नाय तर तिचंबी लक्ष नाय जायचं. तो रडतो ना, तवा मी कानात बोटं घालून चुलीपाशी बसते. हात शिवशिवतात नुसते.

देवकी : तुमी मला हे कधी बोलला नाय.

गिरजा : बोलले असते तर तिला ऐकू गेलं असतं.

कोंडू : वैनी, मग तर बघाच तिला. दर्यावर आमी काय करायचो? वादळ कुठल्या अंगानं येतंय ते आधी डेकावर जाऊन बघायचो. खाली फळीवर डोकं झाकून पडलं की भ्या वाढतं.

गिरजा : लई शहानपना शिकवून ऱ्हायलास. कुठं हाय ती भवानी?

कोंडू : माथ्यावरनं जरा मावळतीला उतरा. खाली तो ठळक तारा दिसतो, दोन्हीकडं दोन बारके? तो श्रवन. त्याच्या वर, जरा उजव्या हाताला. चार तारे पतंगासारखे, नि खाली शेपटीला एक.

गिरजा : ती? एवढीशी?

कोंडू : एवढीशीच.

गिरजा : मला वाटलं, घरंदारं बंद करनारी, आभाळभर पाय पसरून बसली असंल. ही तर माझ्या अंगठ्याखाली झाकते.

कोंडू : मूर्ती लहान पन कीर्ती महान. धनिष्ठा म्हंजे काय ठावं? सगळ्यांत धनवान. आमच्या बोटीवरच्या मालमनं सांगितलेलं. मालम म्हंजे तारे बघून जहाजाची वाट काढनारा. रत्नागिरीकडचा म्हातारा, ही दुर्बीन त्याचीच. उतरताना माझ्या हातात दिली नि म्हनाला, कोंडू, तुझ्या गावात दर्या नाय, पन आभाळ असंल.

गिरजा : धनवान म्हनं. नाव सोनूबाई नि हाती कथलाचा वाळा.

कोंडू : आपले जुने लोक तिला मृदंग म्हनायचे. तिकडं ग्रीस देशातले म्हनतात, हा गादा.

देवकी : गादा म्हणजे?

कोंडू : दर्यातला मोठा मासा, मानसाचा दोस्त. साहेब त्याला डॉल्फिन म्हनतो. जहाजाच्या पुढं उड्या मारत चालतो, आपल्या घरी पाव्हना आला की पोरं नाय का धावत पुढं, तसा. तर त्या लोकांची गोष्ट अशी, एक होता गवई. परमुलखात गाऊन, बक्षिसं घेऊन बोटीनं घरी निघाला. बोटीवरच्याच मानसांची नियत फिरली. म्हनाली, टाक उडी, नायतर मारतो. तो म्हनाला, एक गानं म्हनू द्या, मग टाकतो. गायला नि टाकली उडी. ते गानं ऐकून गादा आला होता. त्यानं गवयाला पाठीवर घेतला नि नीट किनाऱ्याला नेऊन सोडला. देवाला बरं वाटलं, त्यानं माशाला वर जागा दिली.

गिरजा : म्हंजे बरोबरच्या मानसांनी ढकलला नि मुक्या जनावरानं उचलला.

कोंडू : तसंच.

गिरजा : मग आमचा गादा तूच, भाऊ. तूच पाठीवर घेऊन आनलंस आमाला. दिसतोस बी तसाच, पोट पुढं.

कोंडू : घ्या. उपकार मानायचे नि पोटावर बोलायचं.

गिरजा : माझी मानायची रीत अशीच हाय. गोड बोलून मानलेले लवकर विसरतात लोक.

देवकी : काका, आता नळीतून दाखवा त्यांना. मघाशी नाय म्हणाल्या, आता म्हणणार नाय.

कोंडू : या, वैनी. खळ्याच्या खांबाला टेकवून बांधलीय, हलवू नका. एक डोळा मिटा. दुसरा उघडा ठेवा म्हंजे झालं.

गिरजा : काळोख हाय नुसता. तू मला फशिवतोस. थांब, हां. अगो बाय. मघाशी चार-पाच होत्या, हितं तर कुनी नाचनी सांडलीय.

कोंडू : दृष्टीआड सृष्टी. आता पतंगाचं वरचं टोक धरा. ते माशाचं नाक.

गिरजा : तिथं दोन हायत. का माझ्या डोळ्यात फूल पडलंय म्हनून दोन दिसतात?

कोंडू : डोळा ठीक हाय तुमचा. नुसत्या नजरंला एक, दुर्बिनीत दोन. रंग सांगा.

गिरजा : एक पिवळा. हळद कमी पडलेल्या वरनाचा असतो ना, तसा. दुसरा बारका, हिरवट. एकमेकांना खेटून बसलेत. बघ तरी, अवदसेच्या नाकात चमकी केवढी देखनी.

कोंडू : मालम म्हनायचा, मोठ्या दुर्बिनीत तिच्याजवळ धुक्याचा गोळा दिसतो. तो बी ताऱ्यांचाच. आपल्या नळीच्या आवाक्यात नाय तो. पन खरी गंमत पुढंच हाय. पतंगातल्या दोन ताऱ्यांना साहेबाच्या वहीत नावं हायत. एक सुआलोकिन नि एक रोतानेव.

गिरजा : ही काय नावं झाली? औषधाच्या बाटलीवर असतात तसली.

कोंडू : भल्याभल्यांना कोडं पडलं. ग्रीक म्हनावं तर ग्रीक नाय, अरबी म्हनावं तर अरबी नाय. किती वर्षं कुनाला उलगडा नाय. मग एका साहेबाला वाटलं, शेवटून वाचून बघू. तर निघालं निकोलाउस वेनातोर. इटली देशात आभाळ बघायची जागा होती, तिथला मदतनीस. त्याचंच नाव, पन त्यांच्या पोथीतल्या भाषेत फिरवलेलं. ते उलटं करून ताऱ्यांना देऊन टाकलं. त्यानं स्वतः दिलं का त्याच्या मोठ्या साहेबानं, ते कुनाला ठावं नाय.

देवकी : म्हणजे नाव सगळ्यांच्या समोर होतं, नि कुणाला दिसलं नाय.

कोंडू : छापून समोर.

गिरजा : शेवटून वाचायचं म्हंजे कसं रे? मला अडान्याला सांग.

कोंडू : शेवटचं अक्षर आधी, मग त्याच्या आधीचं. साहेबाची अक्षरं सुटी असतात, आपली जुडून येतात, पन रीत तीच. आता मी कोंडू. उलटा केला की डूकों.

गिरजा : हा तर डुकरावर गेला. नि ही देवकी? की... व... दे. देवाकडं मागायला बसली वाटतं. थांब जरा.

कोंडू : काय झालं?

गिरजा : बोलू नको, चुकंल माझं. शा... व... न.

देवकी : आत्याबाय.

गिरजा : मी काय बोलले? मी काय नाय बोलले. उलटं बोललेलं धरत नाय ना, कोंडूभाऊ?

कोंडू : नाय, वैनी. उलटं चालतं.

गिरजा : शावन. कसं वाटतंय बघ तोंडात, नवं जोंधळं भाजल्यावानी. जन्मभर मेली हाक मारली ती 'अहो, ऐकलं का' म्हनून. ते गेले, तवा त्यांच्या बहिनी त्यांचं नाव घेऊन रडल्या. कोंडूभाऊ, मला नावानं रडतासुद्धा आलं नाय. सगळ्या बाया नावानं रडतात नि मी आपली अहो, अहो करते. कुठल्या अहोनं वळून बघायचं?

कोंडू : रडा आता. दुर्बिनीवर मात्र नको, काच भिजते.

देवकी : शावन. मला पण म्हणता येतं हे. मी तर मामंजींचं नाव मनातसुद्धा कधी घेतलं नव्हतं. ऐकणाऱ्याला वाटेल श्रावण.

गिरजा : कार्तिकातलं पोर, नि नाव श्रावन? लोक हसतील.

कोंडू : मी काय कोंड्यात जन्मलो? माझ्या आधीची भावंडं जगली नाय, म्हनून आईनं मला सूपभर कोंड्याला इकला नि परत मागून घेतला. यम बघायला आला तर सुपात कोंडा. गेला तो पुढं. नाव असं फसवं असलं की मानूस टिकतं.

गिरजा : पन ही काय यमासारखी भोळी नाय. उलटी नावं हिच्याच अंगावर हायत. म्हंजे हिला ही खोड ठावं. ही सरळ करून वाचंल नि म्हनंल, बरं झालं, हा तर गिरजेचाच.

कोंडू : हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

गिरजा : बघ. म्हनून मी म्हनते, नको.

देवकी : आत्याबाय, तिला कळेल हे खरं. त्या माणसाचं पण तिला कळलं होतंच की. पण ती कुणाला बोलली का? सगळे साहेब वर बघून विचारत होते, कुणाचं नाव, कुणाचं नाव. तिनं ओठ हलवला नाय. पोटात ठेवलं.

गिरजा : नाय बोलली म्हंतेस?

कोंडू : ते खरं हाय, वैनी. साहेबाला आपलं आपन हुडकावं लागलं. तिनं नाय सांगितलं.

गिरजा : म्हंजे हिच्या तोंडात तीळ भिजतो. बायांत असं एखादीलाच जमतं, माझ्या जावंला तर या जन्मात जमायचं नाय. बाजूला हो, कोंडूभाऊ, मला परत बघू दे तिला. कुठं गेली? हां. तर बाय, ऐक. तुला मी लई शिव्या घातल्या, त्या तू ऐकल्या असशील. मानूस गेल्यावर बाई दुसरं काय करंल? ते आमचं मानूस तुझ्याकडं हाय. त्यांचं नाव सरळ तुझ्याकडं ऱ्हाऊ दे, उलटं आमच्याकडं. एवढं पोटात ठेव. आनि मागायचं नाय काय, दिलंस तेवढं पुरं. पोर दिलंस, सून सुखरूप सोडवलीस, नि हा पोटाळ मासा दिलास दारात उभा.

कोंडू : माझं पोट तिच्यापर्यंत पोचवलंत.

गिरजा : पोचू दे. पौषात आमचं घर उघडलं ना, की पहिली चूल तुझ्या घरच्या विस्तवावर पेटवीन. बाईजाला सांग, शेनीवर निखारा ठेवून तिच्या हातानं द्यायचा. दुसऱ्या कुनाचा विस्तव मला नको.

कोंडू : सांगतो. तीच तुमाला बोलवायला येईल बघा.

देवकी : जागा झाला वाटतं. थांबा, मी घेते त्याला.

गिरजा : तू बस. आले मी.

कोंडू : नि दुर्बीन? आता कुठं हात बसला तुमचा.

गिरजा : ऱ्हाऊ दे तुझी दुर्बीन, ती भवानी कुठं पळून जाते. सरक गो देवके, वाट दे. पाय पुसू दे. हं, आन इकडं. सोड तू, मानंखाली हात घातलाय मी. शावन. ए शावन. काय रे, कशाला वरडतोस? आजी हाय ना.

देवकी : गप झाला बघा लगेच.

गिरजा : देवके, कंदील जरा जवळ धर गो. मी ह्याला अजून बघितलाच नाय.